यात दाणे आहेत का?

मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कशाकशात नसतं याची यादी करायची ठरवली तर ती पोस्टकार्डावर मावेल. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत तर मुठीमुठीनं. अळूच्या पातळ भाजीत अख्खे दाणे, ठेच्यात दाणे, वडापावच्या सुक्या चटणीत दाणे, चिवड्यात तळलेले, भडंगात खारे. संक्रांतीच्या तिळगुळातसुद्धा तिळाच्या जोडीला दाणे असतातच. आणि हे सगळं ज्याच्यात परतायचं ते तेलही पुष्कळ घरांत शेंगदाण्याचं.

माझ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ती दोन वर्षांची होती तेव्हा एका डोहाळजेवणात कुणीतरी कौतुकानं तिच्या तोंडात दाण्याच्या लाडवाचा कण घातला. काही मिनिटांत ओठ आणि डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली. पुढचे दवाखाने, तपासण्या यांचं वर्णन करत नाही. डॉक्टरांनी शेवटी जे सांगितलं ते महत्त्वाचं: यावरचा खरा इलाज म्हणजे दाणा पोटात जाऊ न देणं, आणि गेलाच तर मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देऊन थेट हॉस्पिटल गाठणं. परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे माझ्या पर्समध्ये सिरिंज, अँप्यूल आणि डॉक्टरांची चिठ्ठी अशी एक डबी कायम असते.

आणि तोंडात एक प्रश्न कायम असतो: यात दाणे आहेत का?

किराण्याचं दुकान, बेकरी, मिठाईवाला, उडपी, आइस्क्रीमची गाडी, कॅफे, लग्नातला केटरर, कुणीही यातून सुटलेला नाही. लोक हॉटेल चवीवरून लक्षात ठेवतात, मी या प्रश्नाच्या उत्तरावरून ठेवते. पुण्यातल्या कोथरूड ते मंडई एवढ्या पट्ट्यातल्या दुकानदारांबद्दल माझं जे मत आहे ते सगळं या एका प्रश्नातून आलेलं आहे. ते थोडं एकांगी असेल, पण ऐकीव नाही.

सगळ्यांत जास्त मिळणारं उत्तर म्हणजे ‘काही होत नाही हो!’ विचारलेलं असतं दाणे आहेत का, आणि उत्तर येतं माझ्या काळजीबद्दल. त्याच्या मागोमाग सल्ला येतो, ‘थोडं थोडं देत जा, सवय होते.’ याला अगदीच आधार नाही असं नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं की, तान्ह्या वयातच शेंगदाणा खाऊ घातला तर ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पण तो अभ्यास ॲलर्जी जडायच्या आधीच्या बाळांवरचा होता. एकदा जडल्यावर कणाकणानं सवय लावायचे उपचारही आहेत, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं हाताशी ठेवून करायचे असतात. फरसाणाच्या दुकानातल्या स्टुलावर बसून नव्हे. हे सगळं काउंटरवर समजावून सांगायला वेळ नसतो. मी ‘नको, राहू द्या’ म्हणते आणि बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगते. हाच प्रश्न नवऱ्यानं विचारला की समोरचा माणूस आत डोकावून चौकशी करतो. मी विचारला की हसतो. ‘वहिनी, आई जरा जास्तच घाबरते,’ हे वाक्य मला नवऱ्याच्या देखत कुणी कधी ऐकवलेलं नाही. मुलाच्या खाण्यापिण्याबद्दल आईनं विचारलं की तो आईचा स्वभाव ठरतो, वडिलांनी विचारलं की ती माहिती ठरते. त्यामुळे नवीन ठिकाणी गेलो की आता आम्ही त्यालाच पुढे करतो. ही शरणागती मला आवडत नाही. पण लेक जेवायला बसलेली असते आणि समाजसुधारणेला सवड नसते.

मोठ्या, चकचकीत, एसी असलेल्या ठिकाणी उत्तर चांगलं मिळेल, असं मला सुरुवातीला वाटायचं. अनुभव उलट आला. आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर वडापावची गाडी लावणारे एक दादा आहेत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तळण थांबवून ते म्हणाले, ‘ताई, चटणीत दाणे आहेत. वड्यात नाहीत, तेल पामचं आहे. पण चटणीचा हात मी पावाला लावतो, तेव्हा तुम्ही पाव घेऊ नका.’ एका दमात चटणी, तेल, वडा आणि स्वतःचा हात, सगळ्यांचा हिशेब. कारण सगळं त्यांनी स्वतः केलेलं. पहाटे चटणी त्यांनीच कुटलेली, तेलाचा डबा त्यांनीच फोडलेला. चटणीत काय शिरलं आणि ती कुठेकुठे लागली, हे त्यांना कुणाला विचारून घ्यावं लागत नाही.

कॅफेतल्या मुलाचं तसं नसतं. सॉस डब्यातून येतो, केक कुठल्यातरी मध्यवर्ती किचनमधून येतो, ब्रेड तिसरीकडून. तो मुलगा टेबलापासून ओट्यापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. ओट्यापलीकडे काय होतं हे त्याला माहीत नसतं, आणि मॅनेजरलाही बऱ्याचदा नसतं. पदार्थ करणारा आणि पदार्थ देणारा यांच्यामध्ये जितकी माणसं जास्त, तितकं माझ्या प्रश्नाचं उत्तर पोकळ होत जातं. खानावळीतल्या मावशी सांगतात ते पक्कं असतं. लॅमिनेट केलेल्या मेन्यूकार्डावर पानभर लिहिलेलं असतं तरी ते पक्कं नसतं.

आमच्यावर प्रसंग आला तो अशाच एका कॅफेत. त्याचं नाव लिहीत नाही. लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. हिरव्या सॉसमधला पास्ता मागवला होता. हा सॉस मुळात चिलगोज्यांचा. चिलगोजे महाग, म्हणून बरीच स्वयंपाकघरं त्यात काजू घालतात, आणि काजूही परवडेनासे झाले की दाणे. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दाम खोदून विचारलं. वेटरनं आत न जाता, जागेवरूनच, हसून सांगितलं, ‘नो नट्स, मॅम.’ तिसऱ्या घासाला लेक म्हणाली, ‘आई, जीभ चावतेय.’ पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नवऱ्यानं मांडी धरली, मी सुई टोचली, रिक्षा, इमर्जन्सी, रात्रभर देखरेख. सकाळी ती उठून दूध मागायला लागली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. सॉस बाहेरून येतो, त्यात काय आहे हे आम्ही पुरवठादाराला विचारतो, म्हणाला. आणि त्या वेटरला कामावर येऊन आठवडाही झाला नव्हता, हे त्यानं अशा सुरात सांगितलं, की जणू त्यानं आम्हाला बरं वाटावं. शेवटी ‘आमच्याकडून’ एक व्हाउचर देऊ केलं. त्याच कॅफेचं.

मला त्या मुलाचा राग आला नाही, आणि याचं कारण माझं स्वतःचं काम आहे. मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. काउंटरच्या अलीकडची सगळी दुखणी मला माहीत आहेत. नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायला पेन्शनर येतात. रांग दारापर्यंत जाते, प्रिंटर अडकतो, सर्व्हर बसतो, आणि त्यात एखादे आजोबा विचारतात, ‘माझा टीडीएस या वर्षी कापला जाईल का हो?’ खरं उत्तर असतं, ‘तुमच्या सगळ्या ठेवी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, बसा, बघून सांगते.’ सोपं उत्तर असतं, ‘नाही हो, फॉर्म भरलाय ना!’ सोप्या उत्तरानं रांग पुढे सरकते, आजोबा खुश होऊन जातात, आणि मागचे सुस्कारे थांबतात. त्याचा त्रास होतो तो पुढच्या तिमाहीत, आजोबांना. नोकरीला लागले तेव्हा आमच्या अकाउंटंट मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, ‘नक्की माहीत नसेल तर माझ्याकडे पाठव. रांग थांबली तर मी बघते.’ माझ्या नोकरीत मला कुणी दिलेली ही सगळ्यांत मोठी सवलत. रांग थांबवण्याची परवानगी.

कॅफेतल्या त्या मुलाला ती परवानगी कुणी दिली असेल? आठवड्याभराचा नवा मुलगा, बहुधा बाहेरगावचा. टेबल लवकर मोकळं करायचं, चेहरा हसरा ठेवायचा, गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, असं त्याला शिकवलेलं. आत जाऊन शेफला विचारलं असतं तर ऐन गर्दीत शेफ खेकसला असता. ‘माहीत नाही’ म्हणाला असता तर मॅनेजरनं बाजूला घेतलं असतं. मग तो ‘नो नट्स’ म्हणाला. ग्राहकसेवेच्या नावाखाली त्याला हेच वाक्य शिकवलेलं होतं.

कायद्याचं म्हणाल, तर कायदा आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात शेंगदाणा, इतर कठीण कवचाची फळं, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं वगैरे असतील तर ते पाकिटावर वेगळं छापावं लागतं. हॉटेलांनाही ॲलर्जीची माहिती द्यायला सांगितलेलं आहे, पण ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा वा अधिक शाखा आहेत त्यांनाच. म्हणजे पिझ्झाच्या साखळी दुकानाला नियम लागू, आणि आमच्या गल्लीतल्या एकुलत्या एक कॅफेला नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी पुण्यात अभिमानानं लावतात. ती या नियमातून सुटण्याची सोयही आहे, हे मला फार उशिरा कळलं. ब्रिटनमध्ये अशीच पळवाट होती. दुकानात तयार करून गुंडाळून ठेवलेल्या पदार्थावर घटकांची यादी लागत नसे. 2016 साली नताशा एडनन-लापेरूज नावाची पंधरा वर्षांची मुलगी तिळाची ॲलर्जी असताना विमानतळावर घेतलेलं सँडविच खाऊन दगावली. पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर तसं लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर 2021 पासून तिथे छोट्या दुकानांनाही यादी छापणं बंधनकारक झालं.

आपल्याकडे पाकिटावर यादी असते ती इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि अक्षरं एवढी बारीक की मी मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करून वाचते. दुकानातल्या पोऱ्यानं ती वाचावी ही अपेक्षाच नाही. सुट्या मालाचा तर प्रश्नच वेगळा. मिठाईच्या ट्रेसमोर ‘अमुक तारखेपर्यंत खावे’ ही पाटी आता असते, आत काय आहे याची नसते. काजूकतलीत दाण्याची भर घालतात हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे. मी मिठाईवाल्याला ते विचारते तेव्हा त्याला वाटतं, मी भेसळीचा आरोप करते आहे. त्याचा चेहरा उतरतो, आवाज चढतो, ‘आमच्याकडे शुद्ध काजू!’ आता त्याच्या इभ्रतीपुढे माझा प्रश्न कुठल्याकुठे राहतो. मी आता प्रश्न फिरवून विचारते: ‘दाण्याची मिठाई याच कढईत करता का?’ यात आरोप नाही, म्हणून उत्तर बरं मिळतं.

आमच्या किराणावाल्या शेठजींची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं डाळी सुट्या घ्यायचे. एकदा लेकीबद्दल बोलणं झालं. त्यांनी काही न बोलता पोत्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘वहिनी, मग हरभऱ्याची डाळ माझ्याकडून सुटी नका नेऊ. दाण्याचं पोतं शेजारी आहे, माप एकच आहे, पोरं पुसत नाहीत.’ मी विचारलंच नव्हतं. स्वतःचं गिऱ्हाईक आपणहून कमी करणारा हा माणूस. आता ते आमच्यासाठी बंद पाकिटं मागवतात, आणि घरगुती उद्योगाचा नवीन मसाला आला की तो करणाऱ्या बाईंना फोन लावून माझ्या हातात देतात. अगदी काटेकोर प्रश्न विचारायचे तर चिवड्याचं, मेतकुटाचं, भाजणीचं ते करणाऱ्या बाईंनाच विचारावं. शेठजींनी मधली सगळी माणसं काढून टाकली.

असेच एक बेकरीवाले चाचा. ‘नानकटाईत दाणे नाहीत, पण भट्टीचे पत्रे तेच आहेत, सकाळच्या पहिल्या घाण्यातली घेतलीत तर चालेल, नंतरची नको,’ असं त्यांनी सांगितलं. मी पहिल्या घाण्यातलीही घेतली नाही. पण पावासाठी मी अजून त्यांच्याकडेच जाते, थोडं लांब पडतं तरी. कारण त्यांचं उत्तर माझ्या निर्णयासाठी पुरेसं असतं.

अलीकडे लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची हौस वाढली आहे. पोळीभाजी केंद्रवाले अभिमानानं तशी पाटी लावतात. त्यांच्या दृष्टीनं ती शुद्धतेची पाटी आहे. आमच्या दृष्टीनं ती धोक्याची, कारण रिफाइंड तेलातून दाण्याचं प्रथिन जवळजवळ निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. डॉक्टरांनी आम्हाला दोन्ही तेलं वर्ज्य सांगितली आहेत. तरीही ती पाटी लावणाऱ्यांची मी आभारी आहे. निदान काय वापरता ते बाहेर लिहिलेलं तरी असतं.

एकादशी-चतुर्थीला आम्ही बाहेर खातच नाही. त्या दिवशी प्रत्येक कढईत खिचडी असते आणि प्रत्येक झाऱ्याला कूट लागलेलं असतं. एकदा मी एका हॉटेलात झाऱ्याबद्दल विचारलं तेव्हा मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, ‘एवढं आहे तर घरी जेवावं माणसानं.’ ते चुकत नव्हते. घरी जेवतोच आम्ही, बहुतेक वेळा. पण मुलीला सहली असतात, मैत्रिणींचे वाढदिवस असतात, गणपतीत मंडळाचा प्रसाद असतो. आणि कधीतरी आईला कंटाळाही आलेला असतो.

आता लेक दहा वर्षांची झाली आहे आणि स्वतः विचारते. ‘काका, यात दाणे आहेत का? मला चालत नाहीत.’ गंमत अशी, की मला ‘काही होत नाही’ म्हणणारे हेच काका तिच्यासमोर गप्प होतात. मुलीचं वाक्य ऐकून ते काउंटरवर हात टेकून खाली वाकतात, विचार करतात, आतल्या माणसाला हाक मारतात. तिच्याकडे सोप्या मराठीत, हिंदीत लिहिलेलं, शेंगदाण्याचं चित्र काढलेलं एक कार्ड आहे. ओडिशातून, आसामातून आलेल्या वेटर मुलांना ते चित्र चटकन कळतं. बऱ्याचदा तेच आत जाऊन शेफला दाखवून येतात, आणि तो शेफ मग स्वतः बाहेर येऊन आम्हाला भेटतो. कॅफेच्या प्रसंगानंतर तिला बाहेर खायची भीती बसेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. उलट ती फार कडक परीक्षक झाली आहे. कुणी अडखळत, डोळे चुकवत ‘नसेल बहुतेक’ म्हणालं, की ती मेन्यूकार्ड मिटते आणि म्हणते, ‘मला फक्त लिंबू सरबत.’

दुकानदार, हॉटेलवाले, केटरर मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही आमच्यासाठी वेगळी कढई ठेवा, वेगळा मेन्यू छापा, असं मी म्हणत नाही. ते परवडणार नाही, मला कळतं. पण सॉसचं, मसाल्याचं पाकीट फेकण्याआधी त्याच्यामागच्या यादीचा फोटो काढून ठेवा. नव्या पोराला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगा, की गिऱ्हाइकाला ‘आत विचारून येतो’ म्हणालास तर तुला कुणी ओरडणार नाही. आणि विचारूनही कळलं नाही, तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणा. आम्ही रागावत नाही. आम्ही दुसरं काहीतरी घेतो, आणि पुढच्या वेळी परत तुमच्याकडेच येतो.